देऊन टिकलेलं यीस्ट

घरी बिअर करायला शिकणाऱ्याला पुस्तकं सुरुवातीलाच दोन नियम पढवतात. एक, भांडी निर्जंतुक ठेवा. दोन, माल्टचा उकळलेला गोड काढा पुरता निवल्याशिवाय त्यात यीस्ट टाकू नका. पुरता निवणं म्हणजे १८ ते २२ अंश सेल्सिअस. काढा त्याहून फार गरम असला, तर नेहमीचं बिअरचं यीस्ट बेफाम सुटतं. साखर खाता खाता ते घसा जाळणारी जड अल्कोहोलं आणि नको ते वास तयार करतं. सगळा घाणा वाया जातो.

नॉर्वेच्या पश्चिमेला व्हॉस नावाचं गाव आहे. तिथल्या सिगमुंड येर्नेस यांच्या घरी २०१४ साली ओस्लोकडचा एक पाहुणा आला. लार्स मारियस गार्शोल त्याचं नाव, पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर, बिअरचा नाद हौसेपुरता. येर्नेस यांनी ज्युनिपरच्या फांद्या उकळून घेतलेल्या पाण्यात माल्ट भिजवलं, काढा तासन्‌तास आटवला, आणि तो ३९ अंशांवर आल्यावर त्यात आपलं यीस्ट टाकलं. माणसाला इतका ताप आला तर आपण डॉक्टर गाठू. पुस्तकाच्या हिशेबानं ही बिअर गटारात ओतायच्या लायकीची व्हायला हवी होती. ती दोन-तीन दिवसांत तयार झाली आणि तिला संत्र्याच्या सालीचा स्वच्छ वास होता.

हे यीस्ट येर्नेस १९८०च्या दशकापासून सांभाळत होते. त्या भागात अशा घरगुती यीस्टला ‘क्वाइक’ म्हणतात. ते कुठल्या प्रयोगशाळेत तयार झालं नव्हतं, कुठल्या दुकानात मिळत नव्हतं आणि त्याची कुठे लेखी नोंदही नव्हती. तरीही पुढच्या दहा वर्षांच्या आत ते कॅनडापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या स्वयंपाकघरांत पोचलं. कसं पोचलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. कारण त्यात हौशी माणसांच्या सगळ्याच खटाटोपांना लागू पडेल असं एक सूत्र आहे : जिवंत वस्तू स्वतःजवळ जपून ठेवल्यानं जितकी टिकते, त्याहून जास्त ती वाटल्यानं टिकते.

वाळवणाचं शास्त्र

पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांसाठी बिअर ही विकत आणायची चीज नव्हती. नाताळ, लग्न, गवत कापणी, मयत, अशा प्रत्येक प्रसंगाची बिअर घरच्या धान्याची आणि घरी केलेली. मध्ययुगातल्या गुलाटिंगच्या कायद्यात तर नाताळची बिअर करणं हे शेतकऱ्याचं कर्तव्यच ठरवलेलं होतं. ती किमान तीन शेतकऱ्यांनी एकत्र आणून प्यायची, बेटावर किंवा डोंगरात दूर एकट्यानं राहणाऱ्याला तेवढी सवलत. चुकवली तर दंड, आणि लागोपाठ तीन वर्षं चुकवली तर मालमत्तेवर पाणी. एकट्यानं करून एकट्यानं प्यायची बिअर कायद्यालाच मंजूर नव्हती म्हणायची.

पण वर्षातून दोन-तीनदाच बिअर करायची, तर मधले महिने यीस्ट ठेवायचं कुठे? ओलं ठेवलं तर विहिरीच्या गारव्यातही ते फार काळ तग धरत नाही. म्हणून ते वाळवायचे. लाकडाचे छोटे तुकडे एकात एक अडकवून केलेली माळेसारखी कडी, भोकं पाडलेला ओंडका, गवताची चुंबळ किंवा तागाचं फडकं ताज्या यीस्टच्या साक्यात बुडवायचं आणि टांगून खडखडीत वाळवायचं. या आकारांचा उपयोग एकच : लाकडाला जितक्या खाचा-भोकं जास्त, तितका पृष्ठभाग जास्त, तितकं जास्त यीस्ट चिकटणार आणि लवकर सुकणार. पुढच्या वेळी ती कडी गोड काढ्यात सोडली की काम सुरू. आता बहुतेक जण भट्टीच्या कागदावर यीस्ट पसरून वाळवतात आणि त्याच्या पापड्या फ्रीझरमध्ये ठेवतात.

थर्मामीटर कोणाकडे नव्हता. यीस्ट कधी टाकायचं, हे जुन्या शेतकऱ्यांना विचारलं तर ‘दुधाइतकं कोमट झालं की’ असं उत्तर यायचं. हे दूध गाईच्या सडातून नुकतंच काढलेलं, म्हणजे आपल्या भाषेत धारोष्ण. साधारण ३५ अंशांच्या पुढचं. येर्नेस यांचे ३९ अंश ही त्यांची लहर नव्हती. पिढ्यांच्या अंदाजाला त्यांनी आकडा लावला होता, इतकंच. गरम काढ्यात यीस्ट टाकण्याचा एक फायदाही होता. काम इतक्या झपाट्यानं सुरू व्हायचं की इतर जंतूंना पाय रोवायला सवडच मिळायची नाही.

तरी कधी तरी घाणा बिघडायचाच. वाळवताना बुरशी धरायची, उंदीर कुरतडायचे, बिअर आंबट व्हायची. अशा वेळी करायचं ते ठरलेलं असे. शेजाऱ्याकडे जायचं आणि त्याचं यीस्ट आणायचं. बहुधा ते मुळात आपल्याच घरातून गेलेलं असे. बिअर तयार झाली की शेजारीपाजारी चाखायला जमत, तेव्हा कोणाचं यीस्ट यंदा चांगलं उतरलं हेही जाहीर होई. ज्याचं चांगलं, त्याच्याकडे मागणी. ज्याचं बिघडलं, त्याचं गुपचूप फेकलं जाई. अशा रीतीनं गाव एकाच वेळी दोन कामं करत होतं. राखीव साठा ठेवत होतं आणि निवडही करत होतं. जे यीस्ट वाळवणं सोसेल, उष्णता सोसेल आणि दोन-तीन दिवसांत काम संपवेल, तेच पुढच्या पिढीत जात होतं.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या निवडीचा रासायनिक माग सापडला. क्वाइकच्या पेशी ट्रेहॅलोज नावाची साखर नेहमीच्या बिअरच्या यीस्टपेक्षा जास्त साठवतात. वाळताना आणि तापताना पेशीतली प्रथिनं आणि तिचं आवरण सांभाळण्याचं काम ही साखर करते. लाकडाच्या कडीवर पुन्हापुन्हा वाळवल्याची ही खूण म्हणायला हरकत नाही.

शुद्धतेचा विजय

एवढं गुणी यीस्ट असूनही विसाव्या शतकात ते बहुतेक ठिकाणांहून नाहीसं झालं. त्यामागची कथा कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सुरू होते.

१८७६ मध्ये लुई पाश्चरनं बिअरवरचं आपलं संशोधन पुस्तकरूपानं मांडलं आणि बिघडलेल्या बिअरचं खापर जंतूंवर फोडलं. कार्ल्सबर्गमध्ये एमिल क्रिश्चन हॅन्सन यानं पुढचं पाऊल टाकलं. यीस्टच्या मिश्रणातलंही एखादं यीस्टच चव बिघडवू शकतं, हे त्यानं ओळखलं आणि १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट कारखान्यात वापरात आणलं. बिअर दरवेळी तशीच उतरू लागली. कारखान्याचे मालक जे. सी. याकोबसेन यांना हे गुपित ठेवून बख्खळ पैसा करता आला असता. त्यांनी ते यीस्ट आणि ती पद्धत मागेल त्याला देऊन टाकली.

औदार्याचं हे मोठं उदाहरण आहे, आणि त्याचा एक उलटा परिणामही झाला. शुद्ध यीस्ट भरवशाचं आणि सहज मिळणारं झाल्यावर घरोघरची मिश्र यीस्टं सांभाळायची गरजच उरली नाही. शेतावरच्या गृहिणीलाही किराणा दुकानात पावाचं दाबलेलं यीस्ट मिळू लागलं. कडी वाळवण्याची उस्तवार कोण करणार? १९५०च्या दशकात नॉर्वेच्या लोकजीवन अभ्यासकांनी गावोगावी बिअरबद्दलच्या प्रश्नावल्या पाठवल्या, तेव्हा ‘पूर्वी आमचं स्वतःचं यीस्ट होतं, आता विकतचं वापरतो’ अशा अर्थाची उत्तरं अनेकांनी लिहून पाठवली. त्या उत्तरांवर आधारलेला ऑड नोर्डलान यांचा ग्रंथ १९६९ मध्ये आला, आणि अर्धशतकानं गार्शोल यांना तो वाटाड्या म्हणून उपयोगी पडला.

यीस्ट टिकलं ते नकाशावरच्या काही ठिपक्यांतच : व्हॉस, हॉर्निंदाल, सुन्मोरे असे भाग. तिथे एकाहून अधिक घरी अजून बिअर होत होती, म्हणजे मागायला शेजारी होता. ज्या गावात बिअर करणारा एकच म्हातारा उरला, तिथलं यीस्ट त्याच्याबरोबर गेलं. त्यानं ते कितीही जिवापाड जपलं असलं तरी.

विकायची बंदी, द्यायची मुभा

क्वाइक जगभर जाण्यासाठी ते मागणारी माणसं तयार असावी लागतात. ती ब्रिटन आणि अमेरिकेत आधीच तयार झाली होती, आणि त्याला कायद्यातले बदल कारणीभूत होते.

ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला परवाना लागत असे. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी द्राक्षाची वाइन करायला मुभा मिळाली, घरच्या बिअरला मात्र मिळाली नाही. पंचेचाळीस वर्षं घरची बिअर कायद्याच्या नजरेत गुन्हाच होती. लोक करत होते. १९७० मध्ये पोर्टलंडच्या फ्रेड एकहार्ट यांनी त्यावर छोटं पुस्तकही छापलं, आणि १९७४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ‘माल्टोज फाल्कन्स’ नावाचं मंडळही निघालं. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ज्या विधेयकावर सही केली, त्यात एक दुरुस्ती होती. एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला त्याच्या दुप्पट बिअर करमुक्त करता येईल. विकता मात्र येणार नाही. तरीही राज्यांचे स्वतःचे कायदे होते. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये.

विकायची ती बंदी वरवर पाहता आडकाठी वाटते. प्रत्यक्षात तिनंच या छंदाला वळण लावलं. शंभर गॅलन बिअर एकट्यानं पिणार कोण? विकता येत नाही म्हटल्यावर ती द्यायची, आणि देताना ‘कशी केली’ हेही सांगायचं. धंद्यात पाककृती हे गुपित असतं. इथे ते जपून काहीच हाती लागत नव्हतं. त्याच १९७८ मध्ये कोलोराडोतल्या बोल्डर गावी चार्ली पापाझियन यांनी एका मित्राबरोबर घरगुती बिअरकारांची राष्ट्रीय संघटना आणि तिचं ‘झायमर्जी’ हे नियतकालिक सुरू केलं. शिक्षण अणुअभियांत्रिकीचं, नोकरी शाळामास्तराची आणि संध्याकाळी बिअर करण्याचे वर्ग, असा हा माणूस. त्यांच्या १९८४ च्या पुस्तकानं घाबरत घाबरत भांडं चढवणाऱ्या हजारोंना धीर दिला.

या मंडळींची देवाणघेवाण कशी चाले, याचा नमुना म्हणून बाटलीत फेस आणण्याचंच काम घ्या. आंबवण संपलेल्या बिअरमध्ये थोडी साखर घालून बाटली बंद केली, की उरलंसुरलं यीस्ट ती खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि तो बिअरमध्ये विरघळतो. प्रमाण लिटरला साधारण ६ ते ७ ग्रॅम. साखर जास्त पडली किंवा आंबवण संपायच्या आत झाकण लावलं, तर काच फुटून कपाटात स्फोट. म्हणून झाकण लावण्याआधी हायड्रोमीटर बुडवून द्रवाची घनता मोजायची, दोन दिवसांनी पुन्हा मोजायची, आणि आकडा तोच राहिला तरच पुढे जायचं. ‘दोन चिमटी साखर’ असं सांगून इथे भागत नाही. ग्रॅम, अंश, घनता आणि तारीख लिहिण्याची शिस्त हौशींना या फुटलेल्या बाटल्यांनीच लावली. ऑस्ट्रेलियातल्या हौशींनी तर मोठ्या यंत्रणेची गरजच उडवून लावली : माल्ट कापडी पिशवीत घालून एकाच पातेल्यात भिजवायचं, पिशवी उचलून निथळायची, आणि उरलेला काढा त्याच पातेल्यात उकळायचा. ही युक्ती पुढे सगळीकडे पसरली. केन ग्रॉसमन यांनी कॅलिफोर्नियातल्या चिको गावी १९७६ मध्ये घरगुती बिअरकारांसाठी सामानाचं दुकान थाटलं होतं. त्यांचाच ‘सिएरा नेवाडा’ कारखाना पुढे देशातल्या मोठ्या बिअर कंपन्यांत गणला गेला.

पाकिटातून जगभर

गार्शोल यांनी येर्नेस यांच्याकडचं यीस्ट घेतलं आणि ते ब्रिटनमधल्या नॉरिचच्या राष्ट्रीय यीस्ट संग्रहाकडे पाठवलं. एकाच क्वाइकमध्ये यीस्टचे अनेक वाण एकत्र नांदत असल्याचं उघड झालं. इकडे हौशींची मागणी सुरू झाली. वाळवलेल्या यीस्टच्या चार पापड्या साध्या पाकिटात घालून टपालानं धाडता येतात. शेतकऱ्यांनी सहा महिने टिकावं म्हणून केलेली सोय आता समुद्र ओलांडायला कामी आली. ज्यांना यीस्ट मिळालं, त्यांनी ते वाढवलं, वाळवलं आणि पुढे वाटलं.

वाटताना गार्शोल यांनी एक मोलाचं काम केलं. हाती आलेल्या प्रत्येक क्वाइकला क्रमांक दिला आणि यादी केली. पहिल्या क्रमांकावर व्हॉसचे येर्नेस, पाचव्यावर हॉर्निंदालचे तेर्ये राफ्टेवोल, असा क्रम. प्रत्येकापुढे मूळ मालक, गाव, यीस्ट कितव्या अंशाला टाकतात, वर तरंगणारं काढून घेतात की तळाशी बसलेलं, आणि किती तासांनी, याची नोंद. हे दिसायला कारकुनी काम आहे, पण त्याशिवाय यीस्ट मिळूनही उपयोग नव्हता. एखाद्या घरचं यीस्ट वरूनच गोळा केलेलं असेल आणि आपण दर वेळी तळाचं घेत गेलो, तर काही पिढ्यांत मिश्रणातला एक वाण बळावतो आणि दुसरा हरवतो. नाव तेच राहतं, यीस्ट वेगळं होतं.

पुढे कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले संशोधक यात उतरले आणि २०१८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. लेखकांच्या यादीत रिचर्ड प्राइस आणि इतर संशोधकांबरोबर गार्शोल यांचंही नाव होतं. जनुकांच्या तुलनेतून असं दिसलं, की क्वाइक हा बिअरच्या यीस्टचा एक स्वतंत्र गट आहे. रानातलं यीस्ट सहसा बिअरला लवंगेसारखा वास देतं; क्वाइकमध्ये तो गुण मावळलेला आहे. माणसानं चाखून, निवडून, अनेक पिढ्या पाळलेल्या यीस्टची ती ओळख. मिरवायला एकही प्रमाणपत्र नसलेल्या शेतकऱ्यांनी हॅन्सनच्या सूक्ष्मदर्शकाशिवाय यीस्ट माणसाळवलं होतं.

मग कंपन्या आल्या. आज येर्नेस यांच्या क्वाइकमधून वेगळा काढलेला वाण कोरड्या पाकिटात विकत मिळतो. ‘लालमंड’ कंपनी आपल्या माहितीपत्रकात येर्नेस यांचं नाव देते आणि त्यांनी हे यीस्ट मोकळ्या मनानं वाटल्याची नोंदही करते. सगळीकडे असं श्रेय दिलं जाईलच असं नाही. शिवाय पाकिटातला वाण एकटा आहे. व्हॉसच्या कडीवर ते एक आख्खं कुटुंब होतं. सोय हवी त्यानं पाकीट घ्यावं. कुटुंब हवं असेल, तर अजूनही कोणाकडे तरी मागावंच लागतं.

तीन पेले

हौशींच्या देवाणघेवाणीत एक खोटही असते : ऐकीव ज्ञान यीस्टच्याच वेगानं वाढतं. ‘अमुक केल्यानं बिअर गोड झाली’ असं एकानं म्हटलं, की पाच जण ते करतात, आणि कष्ट घेतल्यामुळे पाचही जणांना गोडी लागते. यावर उतारा म्हणून हौशींनी कारखान्यांकडून एक चाचणी उसनी घेतली. तीन पेल्यांची ही चाचणी १९४०च्या दशकात ज्यांनी रुळवली, त्यांत पुन्हा कार्ल्सबर्गचे लोक होतेच.

चाचणी करायला घरात फार काही लागत नाही. एकच बिअर दोन प्रकारे करायची, फरक फक्त एका गोष्टीत. मग प्रत्येक चाखणाऱ्याला तीन अपारदर्शक पेले द्यायचे. दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता, एवढंच विचारायचं. आवडली का, हा प्रश्न नंतर. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिघांत एक उत्तर बरोबर येणारच, म्हणजे २४ जणांत ८ जण नुसत्या नशिबानं जिंकणार. त्यामुळे २४ पैकी किमान १३ जणांनी वेगळा पेला ओळखला, तरच फरक खरा मानायचा.

गेल्या दशकात अमेरिकेतल्या काही हौशींनी या पद्धतीनं एकेक जुना नियम तपासायला घेतला. जे फरक जन्मभर छातीठोकपणे सांगितले गेले, त्यांतले बरेच चाखणाऱ्यांना ओळखताच आले नाहीत. याचा अर्थ नियम खोटे, असा नाही. या भांड्यात, या लोकांना, या बिअरमध्ये फरक कळला नाही, इतकाच. पण न जमलेला प्रयोगही जमलेल्याइतकाच तपशिलानं सांगायची सवय यातून लागली. कारखान्यात अपयश दप्तरात बंद होतं. हौशी माणसाला ते दडवून काहीच मिळवायचं नसतं.

ओरेगॉनचं खमीर

हाच न्याय पावाच्या खमिराला लावून पाहता येतो. कार्ल ग्रिफिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थांकडे घराण्यात चालत आलेलं आंबट खमीर होतं. त्यांचे पूर्वज १८४७ मध्ये ओरेगॉनच्या वाटेनं पश्चिमेकडे निघाले, तेव्हापासूनचं ते, असं ते सांगत. लहानपणी डोंगरातल्या मेंढपाळांच्या तळावर ते याच खमिरावर पाव भाजायला शिकले. म्हातारपणी त्यांनी एक रीत पाडली : ज्याला खमीर हवं असेल, त्यानं आपला पत्ता घातलेलं तिकिटाचं पाकीट पाठवावं, कार्ल त्यात वाळवलेल्या खमिराची पूड भरून परत पाठवतील. फुकट. २००० साली ते वारले. पूर्वी ज्यांना त्यांनी खमीर पाठवलं होतं, त्यांतल्याच काहींनी ते काम पुढे चालवलं.

हे आजचं खमीर १८४७ चंच आहे का? सूक्ष्मजीवांच्या बाबतीत अशी खात्री देता येत नाही, आणि त्याचा पुरावाही हौशींनीच पुरवला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी चार खंडांतल्या घरांनी आपापल्या खमिराचे ५०० नमुने पाठवले. खमीर कुठल्या प्रदेशातलं, यावरून त्यात कोणते जीव असतील याचा अंदाज फारसा बांधता येत नाही, असं त्यातून दिसलं. सॅन फ्रान्सिस्को शहराचं नाव मिरवणारा खमिरातला जिवाणू युरोपातल्या पावांतही सर्रास सापडतो. सुमारे २९ टक्के नमुन्यांत व्हिनेगर करणारे जिवाणू निघाले, आणि ते असले की कणीक सावकाश फुगते, वास तिखट येतो. मूठभर प्रयोगशाळांना हे ५०० नमुने कधी जमवता आले नसते. पाचशे घरांनी रोजचं खाणं घालून ते जिवंत ठेवले होते म्हणून जमले.

म्हणजे वाटण्यानं यीस्ट किंवा खमीर जसंच्या तसं टिकत नाही. ते घरागणिक थोडं बदलतं. टिकते ती वंशाची साखळी आणि ती चालवण्याची रीत. शुद्ध, न बदलणारा नमुना हवा असेल तर तो द्रवरूप नायट्रोजनमध्येच ठेवावा लागतो.

आपल्याकडचं विरजण

महाराष्ट्रात घरी बिअर गाळण्याचा छंद कोणी लावून घेऊ नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं इथे गुन्हा आहे. पण क्वाइकचा सगळा व्यवहार मराठी माणसाला मुळीच परका नाही, कारण विरजण याच रीतीनं चालतं. दूध कोमट हवं, कढत नको. कालचं दही चमचाभर बाजूला काढायचं. आणि ते संपलं, फार आंबट झालं किंवा गावाहून परतेपर्यंत बिघडलं, की वाटी घेऊन शेजारी जायचं. परदेशी जाताना दह्यात बुडवून वाळवलेला रुमाल बॅगेत नेल्याच्या गोष्टीही आपल्याकडे ऐकू येतात. नॉर्वेचे शेतकरी तागाचं फडकं वाळवत, त्यापेक्षा यात वेगळं ते काय? गोव्यात माडाची सूर सान्नांच्या आणि पावाच्या पिठात पडायची, तीही रोज ताजी, कोणाकडून तरी आणलेली.

आपण कमी पडलो ते नोंदीत. विरजण देणारी आजी ‘अंदाजानं घाल’ म्हणते, आणि तिचा अंदाज वाटीतून पलीकडे जात नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नं १९७० मध्ये वाटी-चमच्याचं माप छापून स्वयंपाकातला हा अंदाज घरोघर पोचवला, आणि त्या पुस्तकाच्या लोकप्रियतेत त्या मापांचा वाटा मोठा होता. आंबवणापर्यंत ही शिस्त अजून आलेली नाही. कुरडयांचे गहू कितव्या दिवशी वाटायचे, पाणी किती वेळा बदलायचं, थंडीत एक दिवस वाढवायचा का. आंबोळीचं पीठ कोकणात पावसाळ्यात किती तासांत वर येतं आणि देशावर किती. एकाच घरचं विरजण म्हशीच्या आणि गाईच्या दुधात वेगळं का लागतं. हे सगळं माहीत असलेली माणसं अजून आहेत. त्यांच्या शेजारी थर्मामीटर, काटा आणि वही घेऊन बसणारा कोणी हौशी तेवढा हवा. त्याला प्रयोगशाळा लागणार नाही. गार्शोल यांच्याजवळही ती नव्हती. मात्र त्यानं वाटीभर विरजण नेलं की त्याबरोबर ते लावण्याची रीत लिहून घ्यावी, आणि पुढे दिलं की दोन्ही द्यावं.